न आलेल्यांची यादी

सकाळपासून सदतीस फोन झाले होते, आणि अडतिसावं नाव तिच्या भावाचं होतं.

ते तिने आधी नुसतं डोळ्यांनी वाचलं. रोज ऐंशी-नव्वद नावं तिच्या डोळ्यांखालून जात, त्यामुळे नावामागे माणूस असतो हे लक्षात राहायचं केव्हाच बंद झालं होतं. जीभ नाव उच्चारायची, कान ‘हो, मीच बोलतोय’ ऐकायचे, आणि पुढचं नाव येईपर्यंत आधीचं पुसलं जायचं. पण या आडनावापाशी तिचं बोट थबकलं, कारण तेच आडनाव तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं. मग तिने सावकाश पहिलं नाव वाचलं. मधल्या जागी बाबांचं नाव होतं. आणि पुढे, रोज पाहून पाहून गुळगुळीत झालेले शब्द : दोष आढळला. तारीख दिली, आले नाहीत. तारीख दिली, आले नाहीत.

आरोग्य केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर फोनची खोली होती. पूर्वी तिथे जुने केसपेपर ठेवत. रॅक काढून नेले तरी भिंतीवर त्यांचे फिकट चौकोन उरले होते, आणि त्या चौकोनांना पाठ लावून सहा बायका कानाला हेडफोन लावून दिवसभर बोलत. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाला केंद्र घरी एक डबी पाठवायचं. त्यात शौचाचा नमुना घालून परत धाडायचा, इतकंच. ज्यांच्या नमुन्यात रक्ताचा अंश निघे त्यांना दुर्बिणीच्या तपासणीला बोलवायचं, आणि बोलावून जे येत नसत त्यांची यादी हिच्याकडे. सहा वर्षं ती हेच करत होती. यादीचं नाव होतं ‘न आलेले’. शेजारच्या टेबलावर बसणारी, जिला सगळे रेडिओ म्हणत, ती या यादीला सासरी न नांदणाऱ्या मुली म्हणायची. नियम साधा होता. वेगवेगळ्या वेळी तीन फोन करायचे, मग एक पत्र, मग नाव यादीतून गळतं. गळलेल्या नावांचं पुढे काय होतं ते या खोलीत कळत नसे, आणि कळत नाही म्हणूनच बहुधा बायकांना दुपारचा डबा खाता येत असे.

दुसराही एक नियम होता. नाव ओळखीतलं निघालं तर सुपरवायझर बाईंना सांगायचं आणि ते दुसरीकडे द्यायचं. तिने मान वळवून रेडिओकडे पाहिलं. रेडिओ कोणाला तरी समजावत होती, "अहो काका, त्यात लाजायचं काय, ते काय तुम्ही एकटेच करता का?" रेडिओकडे नाव दिलं तर ती तीन फोन करील, तीन खुणा करील, आणि मोकळी होईल. दादा अनोळखी नंबर उचलत नाही हे तिला कुठून ठाऊक असणार? पण मला तरी तो आता उचलील का, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात बोटाने नंबर लावलासुद्धा.

फोन वाजत राहिला. वाजत असताना तिला त्याचा तो आवाज आठवत होता, तेरा वर्षांपूर्वीचा, बाबांना पोहोचवून आल्यावर घराच्या दारातच काढलेला. "आठ महिने, आठ महिने तुला ठाऊक होतं." घरात माणसं होती. कोणीतरी म्हणालं, अरे, आता नको. ती म्हणाली होती, "बाबांनी शपथ घातली होती दादा, तुला सांगायचं नाही म्हणून." त्यावर त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती कोणी रस्त्यावरची बाई चुकून घरात शिरली आहे. "मग राहिलीस ना शपथेला जागून. शाबास." त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. तिनेही दोनचारदा प्रयत्न करून सोडून दिलं. शहर एकच होतं, त्याच्या घरापर्यंत बसने चाळीस मिनिटं लागत. पण चाळीस मिनिटांचं अंतर एकदा न ओलांडायचं ठरवलं, की त्याला तेरा वर्षं पुरत नाहीत.

फोन कोणी उचलला नाही. तिने पहिली खूण केली.

साडेबारापर्यंत तिने आणखी वीस नावं संपवली. एक बाई रडली, एका गृहस्थांनी तिला तिची लायकी विचारली, एकाने पुढच्या बुधवारची तारीख घेतली आणि आभार मानले, तो येणार नाही हे त्याच्या आभारांवरूनच कळलं. मग तिने दादाच्या नोंदीतला दुसरा नंबर लावला, घरचा. वहिनीने उचलला. तिला वाटलं होतं आवाज ऐकून काही होईल, पण काही झालं नाही. वहिनीचा आवाज तसाच होता, कायम दुसऱ्या खोलीतून धावत आल्यासारखा. तिचा स्वतःचा आवाज मात्र कामाचा होता, नेहमीच्यापेक्षा खालच्या पट्टीतला, धुऊन इस्त्री केलेला. वहिनीने तो ओळखला नाही.

"ते कामावर गेलेत. काय निरोप होता? मी त्यांची बायको बोलतेय, मला सांगा."

"त्यांच्याशीच बोलायचं होतं. मी पुन्हा फोन करते."

"मागे तुमच्याकडचं पत्र आलं होतं ना? हे म्हणाले, जाहिरात आहे." वहिनी थांबली. "जाहिरातच होती ना?"

नियम असा होता की ज्याचा आजार त्यालाच सांगायचं. नवऱ्याचं बायकोला नाही, आईचं मुलाला नाही. हा नियम तिला इतकी वर्षं बरा वाटत आला होता, कारण त्यात काही ठरवावं लागत नसे. "मी चार वाजता फोन करते," ती म्हणाली, आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. कानाच्या पाळ्या दुखत होत्या. तर तारखेचं पत्र लपवलं होतं त्याने. घडी घालून कुठल्या तरी खणात, बिलांच्या खाली. त्या घराण्यात लपवायला फार शिकावं लागत नसे. बाबा पोस्टात सॉर्टिंगला होते, छत्तीस वर्षं त्यांनी लोकांची पत्रं ज्याच्या त्याच्या खणात टाकली, आणि स्वतःच्या शरीरातून आलेलं एक पत्र मात्र त्यांनी कुठल्याच खणात टाकलं नाही.

आधी बादलीतलं पाणी दिसलं होतं. पायजमा भिजत घातलेला, आणि पाणी गुलाबी. तिने विचारलं तर म्हणाले, मूळव्याध आहे, उष्णता झाली. त्यानंतर त्यांनी आपले कपडे आपण धुवायला घेतले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःचा कप विसळला नव्हता तो रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून कपडे धुतोय, आणि आत नळ सुटलेलाच आहे, हे तिने बाहेर उभं राहून आठ महिने ऐकलं. ती तेव्हा चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी असायची, सकाळी दहा ते रात्री आठ. घरी आली की पाय टेकायला जागा लागे, बोलायला तोंड नसे. बाबा भात कमी घेऊ लागले. पट्टा एक भोक आत गेला, मग दोन. आणि मग ती शपथ. बाबा पलंगावर बसलेत, तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतात आणि म्हणतात, दादाला सांगू नकोस. हे तिने दादाला सांगितलं होतं, मावशीला सांगितलं होतं, शेजाऱ्यांना सांगितलं होतं. इतक्यांदा सांगितलं होतं की ते दृश्य तिला आता फोटोसारखं दिसे. त्यात बाबांच्या अंगात निळा स्वेटर असे. अलीकडे कधीतरी, बसमध्ये उभी असताना, तिच्या लक्षात आलं होतं की निळा स्वेटर नंतर घेतलेला, दवाखान्यात, शेवटच्या महिन्यात. तेव्हापासून ती ते दृश्य फारसं उघडत नसे.

चार वाजता दादाने पहिल्याच घंटेला फोन उचलला. मागे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं. तो लिफ्टच्या वार्षिक तपासण्या करायचा. उंच उंच इमारतींच्या गच्च्यांवर, यंत्राच्या खोलीत, दोरखंडाच्या तारा मोजत त्याचा जन्म गेला होता.

"नमस्कार. मी आरोग्य केंद्रातून बोलते आहे." तिने त्याचं पूर्ण नाव घेतलं. "आपणच का?"

"मीच."

"आपली जन्मतारीख सांगाल का? नोंदीशी पडताळायची असते."

पलीकडे आपटणं थांबलं. किंवा तो त्यापासून दूर गेला.

"एकोणीस जानेवारी," तो म्हणाला.

पडद्यावर तीन ऑक्टोबर होती. शाळेत वर्षभर आधी घ्यावं म्हणून बाबांनी लावलेली. शाळा, नोकरी, लग्न, सगळं त्याच तारखेवर झालं. एकोणीस जानेवारी ही घरातली तारीख होती, आईची. घराबाहेर ती त्याने कधी कोणाला सांगितली नव्हती. लहानपणी तिला त्याचा हेवा वाटे, की याला दोन वाढदिवस आणि मला एकच. म्हणजे आवाज ओळखला होता त्याने, इस्त्रीसकट. फोन रेकॉर्ड होत होता.

"नोंदीत ही तारीख नाही," ती म्हणाली.

"नसेल." मग, "नोंदीतली हवी तर तीन ऑक्टोबर."

"धन्यवाद. आपल्या नमुन्यात रक्ताचा अंश आढळला आहे. म्हणजे आजार आहेच असं नाही. पण दुर्बिणीची तपासणी करून घेणं आवश्यक आहे. दोन तारखांना आपण येऊ शकला नाहीत."

"कामं होती. आणि मला काही होत नाहीये. खातोय, पितोय, रोज वीस वीस मजले चढतोय."

यावर काय बोलायचं ते समोर कागदावर छापलेलं होतं. तिने कागदाकडे पाहिलंच नाही. "लिफ्ट चालू असतानाच तपासायची असते," ती म्हणाली. "बंद पडल्यावर करतात ती दुरुस्ती."

हे वाक्य त्याचंच होतं. कुठल्याशा सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याने सुनावलेलं, आणि रात्री जेवताना सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलेलं. बाबांना हसू आवरेना. पलीकडून घसा साफ केल्यासारखा आवाज आला. तो हसला की काय ते कळलं नाही.

"पुढच्या मंगळवारी सकाळी आठची जागा आहे. देऊ?"

होकाराची वाट न बघता ती पुढच्या प्रश्नावर गेली. "कुटुंबात कोणाला आतड्याचा कर्करोग होता का?"

"वडिलांना."

"कितव्या वर्षी?"

"एकाहत्तराव्या वर्षी कळलं," तो म्हणाला. "सुरू कधी झालं ते तुम्हीच लिहा. तुम्हाला जास्त माहीत असेल."

तिने एकाहत्तर लिहिलं. बोटं नीट चालली. "तपासणीला भूल देतात, त्यामुळे सोबत माणूस लागतो. आपल्या पत्नी..."

"तिला यातलं काही माहीत नाही. आणि कळता कामा नये. धसका घेईल ती. तुमचा तर नियमच आहे ना, घरच्यांना सांगायचं नाही?"

"हो. आहे."

"मग झालं तर. गप्प बसायची सवय आहेच तुम्हाला."

फोन बंद झाला. पडद्यावर चार चौकटी आल्या : येणार, नकार, संपर्क नाही, चुकीचा नंबर. यातली एक निवडल्याशिवाय पुढचं नाव येत नसे. ती बराच वेळ त्या चौकटींकडे पाहत राहिली. रेडिओने टेबलावर टकटक केली. "काय गं, अडकलीस?" "नाही," ती म्हणाली. तिला राग आला नव्हता. राग यायला अंगात थोडं बळ लागतं. तिला फक्त दिसत होतं, की एक माणूस दार लावून आत नळ सोडून बसला आहे आणि ती बाहेर उभी आहे. आणि या वेळी दाराबाहेर उभं राहण्याचा तिला पगार मिळतो. तिने ‘येणार’वर बोट ठेवलं, मंगळवार सकाळी आठची जागा त्याच्या नावावर टाकली, आणि डोकं दुखतंय असं सांगून तासभर आधी निघाली.

बसमध्ये बसायला जागा मिळाली. खिडकीच्या काचेत तिचा चेहरा दुकानांवरून सरकत होता, आणि ती विचार करत होती तो दादाचा नव्हे. ती स्वतःच्या घरातल्या कपाटाचा विचार करत होती. त्यात टॉवेलांच्या मागे, दोन वर्षांपूर्वी तिला आलेली डबी तशीच पडून होती, सील न तोडलेली. रोज नव्वद जणांना ती सांगायची की पाच मिनिटांचं काम आहे. खरंच पाच मिनिटांचं होतं. पण घरी पोहोचेपर्यंत त्या पाच मिनिटांपुरती ताकद कुठेतरी सांडून गेलेली असे, आणि डबीचं काम उद्यावर जाई. उद्यासारखी सोयीची जागा नाही. तिथे काहीही ठेवावं, कोणी विचारायला येत नाही. भीती म्हणावी तर भीतीही नव्हती. भीतीने माणूस निदान जागा राहतो. हा नुसता शिणवटा होता, आणि बाबांच्या त्या आठ महिन्यांतही हाच होता, असं काहीतरी तिच्या मनाच्या काठाला लागलं आणि बस थांबली. थांबा तिच्या घराचा नव्हता, दादाच्या घराचा होता.

दार वहिनीनेच उघडलं. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता. क्षणभर तिने हिला नीट पाहिलं आणि हात तोंडावर गेला. "अगं बाई! तू?" मागे, खोलीत, दादा बूट काढत होता. तो नुकताच आला असावा. एक पाय मोकळा, एक बुटात. त्याने वर पाहिलं आणि त्याला कळलं. ती आत गेली नाही. दारातच उभी राहून, कामाच्या आवाजात, एका दमात म्हणाली, "वहिनी, दादाच्या तपासणीत रक्त सापडलंय. दोनदा बोलावलं, तो गेला नाही. मंगळवारी सकाळी आठला पुन्हा तारीख आहे. भूल देतात. सोबत माणूस लागतो."

मग दादा, तसाच एका बुटावर उभा राहून, म्हणाला, "तोंड उघडायला तेरा वर्षं लागली तुला."

"हो," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं आता तो ओरडेल, किंवा दार लावील. पण वहिनीच त्याच्याकडे वळली. "जाहिरात म्हणालात मला. जाहिरात! दोन महिने मी या घरात तुमचे कपडे धुतेय, तुमच्या ताटात वाढतेय, आणि तुम्ही मला जाहिरात म्हणालात!" तिचा आवाज फुटला, आणि मग ती रडत रडत हिलाच म्हणाली, "तू आत ये गं. दारात काय उभी? चहा टाकते." दादा दुसरा बूट काढायला बसला. त्या गाठीशी तो फार वेळ खटपट करत होता. चहा झाला, तो तिघांनी घेतला. हवेबद्दलसुद्धा कोणी बोललं नाही. पण निघताना वहिनीने विचारलं, "मंगळवारी तूही येशील ना? मला त्या इमारतीतलं काही कळत नाही," आणि दादाने नको म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन सुपरवायझर बाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं. बाईंनी तो फोन आधीच ऐकला होता. त्याही थकलेल्या होत्या; त्यांच्या टेबलावर औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी होती आणि बुधवार झाला तरी सोमवारचा खण भरलेलाच होता. "नियमाप्रमाणे तुम्हाला घरी पाठवायला हवं," त्या म्हणाल्या. "आणि पाठवलं तर तुमचे नव्वद फोन कोण करणार? रेडिओ? ती एकेकाची सात पिढ्यांची चौकशी करते." त्यांनी डोळे चोळले. "तीन महिने खाली पाकिटं भरा. फोनला हात लावायचा नाही. पुढचं पुढे." पाकिटं भरायचं काम तळमजल्यावर होतं. कागदाची घडी, डबी, माहितीपत्रक, परतीचं पाकीट. तिथे बोलावं लागत नसे. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, आपला घसा दुखत नाहीये.

मंगळवारी दादाला आत नेलं तेव्हा सव्वाआठ झाले होते. पोट साफ करायच्या औषधाने त्याचा चेहरा उतरला होता. "काल दुपारपासून बारा खेपा," वहिनी बाकावर बसल्या बसल्या म्हणाली. "मला म्हणतात, तुझ्या नणंदेने माझं आतडं विसळून काढलं." दोघी थोड्याशा हसल्या. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याची सहा चित्रं होती. तासाभराने डॉक्टर बाहेर आले; तरुण होते, बोलताना घड्याळाकडे पाहत नव्हते. आत तीन गाठी होत्या, ते म्हणाले. दोन वाटाण्याएवढ्या, एक द्राक्षाएवढी. तिन्ही काढल्या, तपासायला पाठवतो. "मोठीचं लक्षण मला फारसं बरं दिसत नव्हतं. आणखी दोन वर्षं काढली असती तर मी वेगळं काहीतरी सांगत उभा असतो." आठ दिवसांनी कागद आला त्यात तेच होतं : वाईट झालेलं नव्हतं, पण त्या वाटेला लागलेलं होतं. पण ते नंतर. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "सख्ख्या नात्यात आणखी कोण?" वहिनीने हिच्याकडे बोट केलं. "तुमची झाली तपासणी?" जिभेवर ‘हो’ तयार होतं. "नाही," ती म्हणाली. "वडील, भाऊ, आणि तुम्ही अजून नाही?" त्यांनी तिथेच चिठ्ठी लिहून दिली, आणि ती चिठ्ठी वहिनीने हिच्या हातातून काढून घेऊन स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. पुढच्या महिन्यात तिची तपासणी झाली आणि काही निघालं नाही.

वहिनी औषधं आणायला खाली गेली तेव्हा ती दादाजवळ बसली. पडद्याच्या आड खाटा होत्या, पलीकडे कोणीतरी घोरत होतं. त्याचे डोळे अर्धे मिटलेले, तोंड जरासं उघडं. त्या अवस्थेत तो बाबांसारखा दिसत होता आणि तिला ते बघवेना. पण बघताही येत होतं. का कोण जाणे, या माणसाला आत्ता काहीही सांगता येईल, असं तिला वाटलं. "दादा," ती म्हणाली, "बाबांनी शपथ नव्हती रे घातली."

त्याचे डोळे उघडले नाहीत. ओठ हलले. जड जिभेने तो म्हणाला, "आत्ता नको. भूल आहे मला. लक्षात नाही राहायचं."

"बरं."

"उतरल्यावर सांग."

तर ती थांबली. सांगून टाकण्याचं बळ तिने त्या एका वाक्यापुरतंच गोळा केलं होतं, आणि आता ते दुसऱ्यांदा, दिवसाउजेडी, जाग्या माणसासमोर काढायचं होतं. उठून जावं असं दोनदा वाटलं. वहिनी आली, औषधं ठेवून पुन्हा बिलाच्या खिडकीपाशी गेली. नर्सने पाणी पाजलं, दाब मोजला, बसतं केलं. दादाने सदरा मागितला आणि एकेक बटण लावायला घेतलं. बोटं अजून कच्ची होती. तिसऱ्या बटणाशी तो म्हणाला, "हं. बोल."

"शपथ नव्हती घातली."

"मग काय म्हणाले होते?"

"मी विचारलं, डॉक्टरकडे जायचं का. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बरं."

"आणि?"

"आणि काहीच नाही. एवढंच झालं." तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. तो कामाचा नव्हता, आणि घरचा कसा होता हेही तिला आठवत नव्हतं. "मी दमून यायचे दादा. ते बघू म्हणाले की मला सुटल्यासारखं वाटायचं. वाटायचं, चला, आज नाही. रोज आज नाही. रोज बरं वाटायचं. आठ महिने. शपथ मी नंतर रचली. तू दारात विचारलंस तेव्हा."

दादा बटण लावायचा थांबला होता. वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं, सदऱ्याची एक बाजू वर आली होती. आता तो बोलेल ते आपण ऐकून घ्यायचं, असं ठरवून ती बसली होती. मग त्याने विचारलं, "म्हणजे तुला त्यांनी मुद्दाम असं काही सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"जवळ बसवून वगैरे? विश्वासात घेऊन?"

"नाही रे."

"मला तेरा वर्षं वाटत होतं," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "की म्हाताऱ्याने आपलं मरण तुझ्याजवळ बोलून दाखवलं, आणि मला परकं केलं. मी महिन्यातून दोनदा येऊन समोर बसत होतो. मला म्हणायचे, लिफ्टचं काय चाललंय. म्हटलं, माझ्याशी लिफ्ट, आणि हिच्याशी..."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने फक्त आपला गुन्हा मोजला होता, त्याचं दुखणं कुठे आहे ते तिने कधी चाचपलं नव्हतं. जे खोटं स्वतःला वाचवायला बोलली ते नेमकं त्याच्या वर्मी लागलं होतं. आणि आता खरं सांगितल्यावर ती आणखी लहान झाली होती, तर तो जरासा सैल दिसत होता. हे कसलं माप, तिला कळेना. कळण्याइतकी ती ताजीही नव्हती.

"बघू तर ते सगळ्यांनाच म्हणायचे," दादा म्हणाला. "चौथीत असताना मी सायकल मागितली होती, तेव्हाही बघूच म्हणाले होते."

"मग?"

"मग काय. अजून बघतायत."

पलीकडच्या खाटेवरचं घोरणं एकदम थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं. दादाने चुकलेली बटणं सोडायला घेतली, पण बोटं ऐकेनात. ती उठली, त्याचे हात बाजूला केले आणि सदरा नीट लावू लागली. त्याने लावू दिला.